बूस्टर बसविणेबाबत

आमच्या सासरेबुवांनी एकतीस वर्षं विमानं उतरवली. चालवली एकही नाही. विमानतळाच्या मनोऱ्यात बसून, कानाला यंत्र लावून, कोणी आधी उतरायचं आणि कोणी आभाळात घिरट्या घालत थांबायचं, एवढंच ते सांगायचे. निवृत्तीनंतर सासूबाई गेल्या आणि ते आमच्याकडे राहायला आले. तेव्हापासून उतरवण्यासाठी त्यांच्या हाताशी मी एकटाच आहे.

त्या नोकरीच्या दोन सवयी त्यांनी सामानाबरोबर आणल्या. पहिली अशी, की सांगितलेलं समोरच्याने परत म्हणून दाखवायचं. ‘दूध दोन, पाव एक’ असं ते म्हणाले, की मी पायात चपला घालून दारात उभं राहायचं आणि ‘दूध दोन, पाव एक’ असं म्हणायचं. त्याशिवाय ते मला जिना उतरू देत नाहीत. समोरच्या दारातली माणसं हे रोज ऐकतात आणि मी ऑफिसात वीस माणसांचा वरिष्ठ आहे यावर त्यांचा विश्वास बसेनासा झाला आहे.

दुसरी सवय याहून वाईट. आपला आवाज किती स्वच्छ येतोय, असं वैमानिक विचारतो तेव्हा मनोऱ्यातून एक ते पाच यांतला आकडा सांगतात. एक म्हणजे काही कळत नाही, पाच म्हणजे शेजारी बसून बोलल्यासारखं. सासरेबुवा हा आकडा बोटांनी दाखवतात, आणि जगातल्या यच्चयावत गोष्टींना दाखवतात. बायकोच्या चहाला चार. वरच्या मजल्यावरच्या निवृत्त मुख्याध्यापिका बाई पहाटे जो रियाज करतात त्याला एक. मला लग्नाच्या दिवशी तीन बोटं मिळाली होती असं बायको सांगते. मी पाहिली ती दोनच, आणि त्यातही एक अंगठा होता.

गेल्या महिन्यात जेवताना ते अचानक म्हणाले, “तीस तारखेला माझ्या हाताखालचा शेवटचा माणूस उतरतो.” एवढं बोलून त्यांनी आमटी वाढून घेतली. बाकीचं बायकोने मला नंतर सांगितलं. हा त्यांचा शिष्य. पहिल्या दिवशी त्याचा हात इतका थरथरत होता, की सासरेबुवांनी तो माईकवर धरून ठेवला होता. आता तोही निवृत्त होत होता. तीस तारखेला संध्याकाळी पाच वाजता तो शेवटचं बोलून माईक दुसऱ्याच्या हाती देणार होता. बाबांना ते ऐकायला मिळालं असतं तर, असं बायको म्हणाली. मला खरंच वाईट वाटलं. आणि खोटं कशाला सांगू, तिसरं बोटही दिसलं.

विमानांचं बोलणं पकडणारा एक रेडिओ मिळतो, त्याला स्कॅनर म्हणतात. मी तो आणला. बायकोला वाटलं कागदांच्या नकला काढायचं यंत्र आणलं. तिने त्यासाठी टेबलही पुसून ठेवलं. दुकानात त्यातून वैमानिक असे बोलत होते की त्यांच्या घशातली खाकरही ऐकू येत होती. घरी आणून लावला तर नुसता खर्र खर्र आवाज, आणि त्या खर्र-मध्ये कुठेतरी लांब, गोधडीत तोंड घालून बोलावं तसा एक माणूस. सासरेबुवांनी दोन मिनिटं ऐकलं, एक बोट दाखवलं आणि ते स्वयंपाकघराच्या खिडकीपाशी खुर्ची नेऊन बसले. जाताना रेडिओकडे मात्र त्यांनी नीट पाहून घेतलं. मला वाटलं ते चहासाठी गेले.

आता वास्तविक घरात एकतीस वर्षं रेडिओवर बोललेला माणूस बसला होता. पण घरच्या माणसाला काय विचारायचं? मी दुसऱ्या दिवशी ऑफिसात विचारलं. आमच्या जावक विभागात एक सर्वज्ञ आहेत. मूतखड्यापासून मुलीच्या लग्नापर्यंत कशावरही त्यांच्याकडे इलाज असतो आणि त्यांचा स्वतःचा मूतखडा अजून तिथेच आहे. त्यांनी शांतपणे पान उलटावं तसं उत्तर दिलं: टीव्हीचा बूस्टर लावा. मी भीत भीत म्हटलं, की तो टीव्हीसाठी असतो ना? त्यावर ते माझ्याकडे कीव आल्यासारखं बघत म्हणाले, की सिग्नल म्हणजे सिग्नल. आपण टीव्हीत चाललोय की रेडिओत, हे त्याला काय कळतं. या युक्तिवादात चूक कुठे आहे ते मला सापडेना आणि माझ्या स्वभावाप्रमाणे मी ते खरं मानलं.

टीव्हीच्या अँटेना बसवणारा आमच्या बाजारात एकच उरला आहे. मी बूस्टर मागितल्यावर त्याने मुलीला मागणी आल्यासारखं मला आत बसवलं. किती वर्षांनी कोणीतरी विचारत होतं. माळ्यावरून एक पत्र्याची डबी काढून, तिच्यावरची धूळ फुंकून माझ्या तोंडावर उडवत त्याने सांगितलं, की हा लावल्यावर विमान थेट तुमच्या दिवाणखान्यात येईल. फक्त हा उंचावर बसवायला हवा, म्हणजे गच्चीवर, म्हणजे इमारतीच्या समितीच्या परवानगीने. इथेच घोड्याने पेंड खाल्ली.

तरी मी खूश होतो, कारण परवानगी म्हणजे अर्ज आणि अर्ज म्हणजे माझं राज्य. आमच्या खात्यात मसुदा लिहिण्यात माझा हात धरणारा कोणी नाही. चांगल्या मसुद्याचा पहिला नियम असा, की कशाबद्दल लिहितोय ते शेवटपर्यंत कळता कामा नये. वस्तूचं नाव घेतलं की माणूस अडकतो. म्हणून आम्ही ‘सदर बाब’ लिहितो. ‘सिग्नल’ हा परका शब्द मला अर्जात नको होता. ‘संकेत’ लिहिलं तर चोरून कुणाला भेटायला गच्चीवर जायचं आहे असं वाटलं असतं. तेव्हा मी ‘प्रवाह’ लिहिलं. ‘बूस्टर’ला मात्र काही केल्या प्रतिशब्द सापडेना, तो तसाच ठेवला. अर्ज असा झाला:

“विषय: बूस्टर बसविणेबाबत. महोदय, अर्जदाराचे सदनिकेत येणारा प्रवाह अत्यंत क्षीण स्वरूपाचा असून सदर बाबीमुळे कुटुंबातील ज्येष्ठ व्यक्तीची गैरसोय होत आहे. सबब प्रवाहाचा जोर वाढविणेकामी गच्चीवरील टाकीशेजारी बूस्टर बसविण्यास परवानगी मिळावी, ही विनंती.”

टाकीशेजारचा खांब उंच होता म्हणून टाकीशेजारी. अर्ज देऊन मी घरी आलो, तो बायकोला वाचून दाखवला आणि तिने त्याचं कौतुक केलं नाही याचं मला वाईट वाटलं.

दोन दिवसांनी जिन्याखालच्या फलकावर सूचना लागली. ‘काही सभासद पाण्याच्या लाईनवर बूस्टर बसवून इतरांच्या वाट्याचे पाणी ओढण्याच्या प्रयत्नात असल्याचे लेखी पुराव्यानिशी निदर्शनास आले आहे.’ मी ती सूचना वाचली, अशा माणसाबद्दल मला संताप आला आणि शेजारी उभ्या असलेल्या एका गृहस्थांना मी म्हणालोसुद्धा, की असल्यांचे नळ तोडले पाहिजेत. ते माझ्याकडे विचित्र नजरेने पाहत निघून गेले. लेखी पुरावा म्हणजे माझा अर्ज हे मला जिना चढून तिसऱ्या मजल्यावर पोहोचल्यावर कळलं.

सचिवांकडे धावलो. आमचे सचिव आधी हिशेबतपासनीस होते आणि तेव्हापासून समोरचा माणूस निर्दोष आहे हे सिद्ध होईपर्यंत ते त्याला खुर्ची देत नाहीत. मी उभ्या उभ्या सांगितलं, की हा विमानांचा बूस्टर आहे. त्यांनी विचारलं, की विमानाला पाणी लागतं का? मी म्हटलं, पाणी नाही हो, प्रवाह. ते म्हणाले, मग तेच. खुलासा लेखी द्या, समिती विचार करील. मी खुलासा दिला. तोही माझाच मसुदा असल्यामुळे प्रकरण आणखी बिघडलं.

दिवस निघून चालले होते. शेवटी मी बूस्टर आमच्याच बाल्कनीच्या गजाला बांधला, त्याची काळी वायर खिडकीतून आत घेतली, स्कॅनरमध्ये खुपसली आणि सासरेबुवांना सन्मानाने खुर्चीवर बसवून बटण दाबलं. खर्र बंद झालं. एका बाईचा अत्यंत स्पष्ट, प्रसन्न आवाज दिवाणखान्यात घुमला. ती कपडे धुण्याच्या साबणाबद्दल बोलत होती. मी दुसरा आकडा लावला, तिथे तोच साबण. तिसऱ्यावर गाणं. विमानांच्या सगळ्या जागांवर गावातलं गाण्यांचं रेडिओ केंद्र पाय पसरून बसलं होतं. सासरेबुवांनी हात वर केला आणि मूठ मिटली.

“बाबा, एकापासून सुरू होतं ना?” मी म्हणालो.

“आजपासून नाही,” ते म्हणाले आणि स्वयंपाकघराच्या खिडकीपाशी जाऊन बसले.

मी कच्चा माणूस नाही. मी सर्वज्ञांना विचारलं. ते म्हणाले, की बूस्टर कमी पडतोय. अँटेनावाल्याला विचारलं. तोही म्हणाला, कमी पडतोय, आणि दोन जाणकारांचं एकमत झालं म्हटल्यावर मी दुसरी डबीही आणली. पहिल्याच्या पुढे दुसरा बूस्टर लावला. आता स्कॅनर गाणं सोडून शिट्टी मारू लागला. समोरच्या दारातल्या आजोबांनी सांगितलं, की वायरला गाठी माराव्यात. त्यांच्या सुनेने सांगितलं, की गाठी सोडवाव्यात. इस्त्रीवाल्याने ॲल्युमिनियमचा कागद गुंडाळायला सांगितला. मी सगळ्यांचं ऐकलं. बाल्कनीतला तो प्रकार आता इतका चमकत होता, की कबुतरांनी यायचं सोडलं. पंधरा दिवसांत झालेला तेवढाच काय तो फायदा. सासरेबुवा खिडकीपाशी बसून एकेका विमानाकडे बघत आणि हातातल्या घड्याळाकडे बघत. विचारलं तर म्हणत, काही नाही.

इकडे वरच्या मुख्याध्यापिका बाईंनी समितीकडे तक्रार दिली: ‘खालच्या मजल्यावर बूस्टर बसविल्यापासून माझ्याकडे येणे बंद झाले आहे.’ बाईसुद्धा जन्मभर शाळेची पत्रं लिहिलेल्या. काय येणे बंद झाले ते त्यांनीही लिहिलं नाही. मग काय, समितीने स्थळपाहणी ठरवली. तारीख तीस, वेळ दुपारी साडेचार. मी सचिवांना हात जोडले, की तेवढी वेळ सोडून कधीही या. ते म्हणाले, वेळ बदलून हवी तर अर्ज करा. मी म्हटलं, आता अर्ज नको.

तीस तारखेला मी अर्धी रजा टाकून घरी आलो. सासरेबुवांनी इस्त्रीचा शर्ट घातला होता आणि पायांत बूट. घरात बूट का, असं विचारायचा मला धीर झाला नाही. बरोबर साडेचारला बेल वाजली. पुढे सचिव, हातात वही आणि भरदिवसा पेटवलेली विजेरी. मागे बाई, तक्रारदार म्हणून. त्यांच्या मागे तज्ज्ञ म्हणून नळवाला, पाना खांद्यावर टाकून.

“बूस्टर आहे की नाही, एवढं सांगा,” सचिव म्हणाले.

“आहे. दोन आहेत,” मी म्हणालो. माझं काय चुकलं ते मला अजून कळलेलं नाही. प्रश्न विचारला, उत्तर दिलं.

सचिवांनी वहीत ‘कबुली’ असं लिहिलं. नळवाल्याने लाईन कुठाय म्हणून विचारलं. मी खिडकीतून आलेली काळी वायर दाखवली. त्याने ती बोटांत धरून दाबली, कानाला लावली आणि एवढ्या बारीक नळीतून पाणी ओढणाऱ्याला मानलं पाहिजे, असा अभिप्राय दिला. तेवढ्यात स्कॅनरने शिट्टी मारली. नळवाला म्हणाला, हवा धरलीय.

मग सचिवांनी बाईंना त्यांचं म्हणणं विचारलं. बाई जणू याच क्षणासाठी निवृत्त झाल्या होत्या. त्यांनी घसा साफ केला. “मी शिस्तीत सांगते. यांनी हे लावल्यापासून माझ्याकडे नीट काही येत नाही. आणि संध्याकाळी सातनंतर तर नुसत्या मुंग्या येतात.”

सचिवांनी ते उतरवून घेतलं आणि वाचून दाखवलं, “पाण्यात मुंग्या. टाकी साफ करणे.”

“पाण्यात कशाला येतील? टीव्हीत येतात.”

सचिवांनी वहीतली ओळ खोडली. मग त्यांनी हळूच विचारलं, “टीव्हीत पाणी कसं गेलं?”

यानंतरची दहा मिनिटं मला सांगवत नाहीत. बाईंना टीव्हीबद्दल बोलायचं होतं, सचिवांना पाण्याबद्दल, मला विमानाबद्दल, आणि प्रत्येकजण ‘येत नाही, येत नाही’ एवढंच म्हणत होता. नळवाल्याने आमच्या मोरीचा नळ सोडून पाहिला, तो धो धो आला. तोही पुरावा म्हणून वहीत गेला. शेवटी माझ्या बायकोने मध्ये उभं राहून, आमच्या खात्यात असतं तर एका ओळीत फाईल बंद झाली असती अशा मराठीत सांगितलं, की हे यंत्र रेडिओचं आहे, त्याचा पाण्याशी संबंध नाही, त्यामुळे बाईंचा टीव्ही बिघडला असेल, आणि आमचं तर काहीच सुधारलं नाही. काखेत कळसा आणि गावाला वळसा, असंही ती म्हणाली. कळसा कोण ते मला तेव्हा कळलं नाही.

“ते आधी बंद करा,” बाई मला म्हणाल्या. तो आवाज ऐकून मी तर हललोच, सचिवही सरळ उभे राहिले. मी दोन्ही बूस्टरचा प्लग उपटला. शिट्टी थांबली. घड्याळात पाच वाजायला दहा मिनिटं होती.

मी खुर्चीत बसलो. पंधरा दिवसांची धावाधाव, दोन डब्या, एक अर्ज, एक खुलासा, आणि इस्त्रीच्या शर्टातला तो म्हातारा माणूस बूट घालून वाट बघतोय. मला रडू यायचं तेवढं बाकी होतं. बोलायला माझ्याजवळ काही शिल्लकच नव्हतं. मी म्हणालो, “बाबा, आता काय करू?”

सासरेबुवा खिडकीपासून उठले. “कात्री,” ते म्हणाले.

“कात्री,” मी म्हणालो आणि कात्री आणली.

त्यांनी बंद पडलेल्या टेबलदिव्याची वायर कापली. कोपरापासून बोटांपर्यंत एक हात आणि वर एक वीत मोजून तुकडा केला, टोक सोलून स्कॅनरच्या भोकात बसवलं आणि स्कॅनर उचलून स्वयंपाकघराच्या खिडकीत ठेवला. विमानतळ त्या बाजूला होता. गेले पंधरा दिवस ते तिथेच बसले होते आणि मी बाल्कनीत, गाण्यांच्या केंद्राच्या मनोऱ्याकडे तोंड करून, कबुतरं हाकलत होतो.

खर्र झालं आणि त्यातून एक माणूस बोलू लागला. खाकरही ऐकू आली.

“अहो बाबा, मग आधी का नाही सांगितलंत?” मी जवळजवळ ओरडलोच.

त्यांनी हात वर करून मला थांबवलं, रेडिओवरचं वाक्य संपू दिलं आणि मग म्हणाले, “दोघं एकदम बोलले की कोणाचंच कळत नाही. समोरच्याने माईकचं बटण सोडेपर्यंत थांबायचं असतं. तुम्ही पंधरा दिवस दाबून धरलं होतंत. तो बूस्टरही तसाच. जो जोरात ओरडतो त्यालाच आणखी ओरडायला लावतो.”

यावर सचिव काहीतरी बोलणार होते, पण बाईंनी त्यांच्याकडे पाहिलं. आम्ही सगळे स्वयंपाकघरात, ओट्याला टेकून, उभे राहिलो. नळवाल्याने पाना खाली ठेवला. तो आवाज एकामागून एक विमानाला आकडे सांगत होता, वैमानिक ते परत म्हणून दाखवत होते आणि त्यांच्याबरोबर सासरेबुवाही ओठांतल्या ओठांत म्हणत होते. एकही आकडा चुकत नव्हता. पाचला एक मिनिट असताना तो माणूस थोडा थांबला. मग त्याने म्हटलं, की पुढचं दुसरा सहकारी सांगेल. आणि अगदी घाईघाईने, चोरून बोलावं तसं तो म्हणाला, “साहेब, ऐकत असाल तर, उतरतोय. हात थरथरत नाही.”

“हे नियमात बसत नाही,” सासरेबुवा म्हणाले. त्यांनी चष्मा काढला, पुसायला गेले आणि तसाच हातात धरून ठेवला. मग त्या रेडिओकडे तोंड करून, ज्याच्यातून नुसतं ऐकता येतं, बोलता येत नाही, त्याला ते म्हणाले, “उतरतोय. हात थरथरत नाही. समजलं.”

बायकोने त्यांच्या पाठीवर हात ठेवला. बाईंनी पदर डोळ्यांना लावला. सचिवांनी वही मिटली. नंतर कळलं, की वहीत त्यांनी ‘गळती आढळली नाही’ असं लिहिलं होतं.

मंडळी गेल्यावर मी स्कॅनरला किती, असं विचारलं. त्यांनी पाचही बोटं दाखवली. मी धीर करून नुसतं स्वतःकडे बोट केलं. आता मी शिकलो होतो. एक शब्द बोललो नाही. त्यांनी चष्मा लावून माझ्याकडे पाहिलं. मग एक, दोन, तीन आणि, माझा विश्वास बसेना, चौथं बोट वर झालं.

मला भरून आलं. चांगल्या, भारदस्त शब्दांत आभार मानावेत म्हणून मी घसा साफ करून म्हणालो, “बाबा, सदर बाबीच्या संदर्भात...”

त्यांनी एक बोट मिटलं.